अडीचवर सोडायची उडी

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कागदावरच मानून घे; प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील). भावोजींनाही नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे नेहमीसारखे दमलेले आहोत. तुम्ही दोघंही ठीक असालच. तुझ्या उजव्या हाताची चौकशी मी करणार नाही. मागच्या रविवारी तू मला फोनवर निक्षून सांगितलंस की हाताचं नाव काढलंस तर फोन ठेवीन. मी नाव काढलं आणि तू ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्रही मध्येच बाजूला ठेवता येतं हे मला कळतं, पण निदान ते ठेवल्याचा आवाज मला इकडे ऐकू येत नाही. तेव्हा हाताबद्दल काही नाही. प्लास्टर काढून तीन महिने झाले तरी अंगठा आखडलेलाच आहे, त्याबद्दल नाही. मी व्यायामासाठी पाठवलेला रबरी चेंडू तू दार आपटू नये म्हणून दाराखाली सरकवून ठेवला आहेस, त्याबद्दल नाही (हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस; भावोजींनी सांगितलेलं नाही). आणि ग्रंथालयातल्या पुस्तकबांधणीच्या कामाचा राजीनामा डाव्या हाताने लिहून, पाकिटात घालून तू तो फ्रिजवर ठेवला आहेस आणि एक तारखेला नेऊन देणार आहेस, त्याबद्दल तर मुळीच नाही. अठरा वर्षं मी लोकांच्या हातांना व्यायाम देऊन पोट भरतो आहे आणि सख्ख्या बहिणीच्या हाताचं नाव काढायची मला बंदी आहे. असो. बंदी म्हणजे बंदी.

हे पत्र फक्त टुणक्याबद्दल आहे. टुणक्या आठवतो ना? मामाने आणलेला तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, राखाडी रंगाचा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. आणि त्यातला तो खांद्याला पिशवी लावलेला बुटका पोस्टमन, ज्याला या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत एक पत्र पोचवायचं असतं. (त्याचं खरं नाव आपल्याला कधीच कळलं नाही, कारण ते खोक्यावर लिहिलेलं होतं आणि सामान हलकं व्हावं म्हणून मामाने खोकं वाटेतच टाकून दिलं होतं.) गेली तीस वर्षं तू म्हणत आलीस की तो मी हरवला, आणि मी म्हणत आलो की तू तो गुपचूप होस्टेलवर नेलास. माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत यावरून आपलं वाजलं होतं आणि हिच्या माहेरच्यांना वाटलं की घराण्यात जमिनीचा काही वाद आहे. तर ताई, आपण दोघंही निर्दोष आहोत. टुणक्या सापडला. आईच्या शिवणयंत्राच्या डाव्या खणात, जुन्या मोज्यात घालून ठेवलेला होता.

झालं असं, की आमच्या हिने गेल्या महिन्यात फर्मान काढलं, माळा रिकामा करायचा. मी म्हटलं, मला पाठ आहे. ती म्हणाली, पाठ सगळ्यांनाच असते. मग मी स्टुलावर चढलो. (स्टुलाबद्दलही मी काही बोलणार नाही. बल्ब बदलताना तू पडली नाहीस, स्टूल पडलं, आणि तू केवळ त्याच्यावर होतीस, हे तुझं म्हणणं मी सगळ्यांना जसंच्या तसं सांगतो.) यंत्र खाली काढलं, खण ओढला, तर मोजा, आणि मोज्यात टुणक्या, आणि सोबत आईच्या अक्षरात एक चिठ्ठी: परीक्षा झाल्यावर देणे. कोणाची परीक्षा ते लिहिलेलं नाही. तू परीक्षा देऊन होस्टेलला गेलीस, मी तुझ्यावर आळ घेऊन रडत बसलो आणि आई बहुधा द्यायचं विसरून गेली. माझी शेवटची परीक्षा होऊनही आता वीस वर्षं झाली. आई असती तर आपण दोघांनी मिळून जाब विचारला असता. ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवली आहे.

आतले पेनसेल कधीच फुटून पांढरे झाले होते. मी तो कोपऱ्यावरच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं, सगळं पुसून-घासून दिलं आणि म्हणाला, “साहेब, सेल नवे टाका, पण आत एक बटणाएवढी बॅटरी आहे तिला हात लावायचा नाही. तुमचा खेळ कुठवर आला होता ते सगळं तिच्यावर आहे. तीस वर्षं टिकली म्हणजे कमाल आहे, आमची तीन महिने टिकत नाहीत.” मी सेल घातले, बटण सरकवलं आणि ती धून वाजली. ताई, तुला खोटं वाटेल, पण घड्याळाच्या त्या दुकानात मी उभ्या उभ्या अकरा वर्षांचा झालो. मग गुडघा दुखला आणि परत एक्केचाळीसचा झालो. पडद्यावर ज्याचा त्याचा खेळ जपून ठेवणारी आपली दोन्ही चित्रं जशीच्या तशी होती, तुझी चांदणी आणि माझा मासा. आईने लपवायच्या आदल्या दिवशी टुणक्या जिथे उभा होता तिथेच अजून उभा आहे, दातपाडी खिंडीच्या काठावर, पाय हलवत.

मी ठरवलं, रोज दहा मिनिटं खेळायचं. इतकं दमल्यावर माणसाने दहा मिनिटं कशाततरी घालवावीत, त्यात गैर काही नाही. पण दहा मिनिटं बसायला घरात जागा कुठे आहे? दिवाणखान्यात ही विचारते, काय करताय. स्वयंपाकघरात ही विचारते, काय हवंय. शेवटी मी रोज सकाळी संडासात बसून खेळू लागलो. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, दुसऱ्यात पंचवीस, तिसऱ्यात मी वेळ बघणं सोडून दिलं. हिने माझ्या ताटातली पालेभाजी दुप्पट केली. मग एक दिवस दाराबाहेरून अगदी हळू आवाजात म्हणाली, “अहो, डॉक्टरांना दाखवायचं का? लाजू नका.” आतून टुणक्याची धून वाजत होती आणि मी खोकून ती दाबायचा प्रयत्न करत होतो, तर तिला वाटलं की खोकलाही आहे.

आणि एवढं करून माझी प्रगती शून्य. लहानपणी आपली वाटणी ठरलेली होती, आठवतं? जमिनीवरून येणारी जनावरं मी मारायची आणि उड्या तू मारायच्या. दातपाडी खिंडीपाशी आलं की मी निमूटपणे टुणक्या तुझ्या हातात द्यायचो. (माझा दुधाचा शेवटचा दात तिथेच पडला होता, सहाव्यांदा खाली गेल्यावर मी रागाने गेमला चावलो तेव्हा. खूण अजून आहे.) उडीचं बटण किती वेळ दाबून धरायचं यावर सगळा खेळ. थोडं दाबलं तर टुणक्या फळीच्या अलीकडे पडतो, जास्त दाबलं तर पलीकडे. तू दाबायचीस आणि मोठ्याने मोजायचीस, एक, दोन, अडीच, आणि सोडायचीस. टुणक्या बरोबर हलत्या फळीवर. प्रत्येक वेळी. मी विचारलं, ताई, तुला पहिल्यापासूनच येत होतं? तू म्हणालीस, पहिल्याच फटक्यात जमलं, ज्याला जमतं त्याला जमतं. मी ते अख्खं आयुष्य खरं धरून चाललो. पोहायला गेलो आणि बुडायला आलो तेव्हा मनात म्हटलं, ज्याला जमतं त्याला जमतं. गाडी शिकायला गेलो आणि फाटकावर घातली तेव्हाही हेच.

त्यात पुन्हा ती पट्टी. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर, जखमेला लावतात तशी चिकटपट्टी, पहिल्या दिवसापासून. तू सांगितलं होतंस की तिथे काचेला तडा गेला आहे, पट्टी काढलीस तर काच आत पडेल आणि आतला वायू बाहेर येईल. मी वायूला फार घाबरायचो. पण त्यामुळे झालं काय, की त्या कोपऱ्यातून येणारे पक्षी मला कधी दिसलेच नाहीत. मला वाटायचं, या खेळात पक्षी असे अचानकच हवेत तयार होतात. निम्म्या वेळा मी त्या पक्ष्यांमुळे मेलो आणि दैवाला दोष दिला. तीस वर्षांनीही मी पट्टी काढली नाही. एक्केचाळीस वर्षांचा, चष्मा लावलेला, कर भरणारा माणूस, आणि मनात वायूची भीती.

चौथ्या आठवड्यात माझा अंगठा गेला. म्हणजे डावा शाबूत आहे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली आणि पेन धरता येईना. ताई, माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर मी स्वतः लिहून लावलेली पाटी आहे: अंगठ्याला विश्रांती द्या, तो तुमचा चाकर नाही. त्या पाटीखाली बसून माझ्या हाताखालच्या पोरीने, जिला मी शिकवलं, माझ्या अंगठ्याला पट्टा बांधला. तिने विचारलं, कशाने झालं? मी म्हटलं, घरातल्या कामाने. ती म्हणाली, रोज किती वेळ करता? मी म्हटलं, सकाळी चाळीस मिनिटं. तिने तसं केसपेपरवर लिहिलं, आणि आता सगळ्या दवाखान्यात अशी समजूत आहे की सर रोज सकाळी चाळीस मिनिटं कणीक मळतात. हिला आठवड्यात दोन फोन आले, चौकशीचे.

मधल्या काळात एक गंमत झाली, तिचा तुझ्याशी काही संबंध नाही. माझ्याकडे एक शिंपीकाका येतात. कात्रीने अंगठ्याची शीर कापली गेली, ती जोडली, पण त्यानंतर अंगठा हलवायला तयार नाहीत. चेंडू दिला, दाबला नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे दिले, ते घरी नेऊन कपडे वाळत घातले, डाव्या हाताने. दर वेळी एकच वाक्य, “डॉक्टर, लहान पोराला देतात तसलं काहीतरी मला देऊ नका, मी चाळीस वर्षं कोट शिवले.” त्या दिवशी मी आत फोनवर होतो आणि टुणक्या टेबलावर राहिला होता. बाहेर येऊन बघतो तो काका खुर्चीच्या टोकावर, मान खाली, जीभ दातांत, आणि आखडलेला अंगठा बटणावर वर-खाली चाललेला. पंचेचाळीस मिनिटं. पाच पेशंट खोळंबले. मी मागून सवयीने मोजत राहिलो, एक, दोन, अडीच, सोडा. तेव्हा हाताखालच्या पोरीने मला विचारलं, “सर, सगळीकडे तीनपर्यंत धरायला सांगतात. आपल्याकडेच अडीच का?” ताई, अठरा वर्षं माझ्या दवाखान्यात शेकडो लोकांनी अडीचपर्यंत मोजलं आहे. गवंडी, सुईणी, बसचे ड्रायव्हर, एक न्यायाधीश. हे कुठल्याही पुस्तकात नाही. हे तुझं आहे आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते. काका गेल्यावर मी टुणक्या उचलला, तर माझ्या अंगठ्याच्या पट्ट्याचं चिकट टोक कोपऱ्यातल्या त्या जुन्या पट्टीत अडकलं आणि ती सोलून निघाली. मी श्वास रोखला. काच पडली नाही. वायू आला नाही. तडा नव्हताच, ताई. तिथे एक आकडा होता. टुणक्या खाली पडला की तो एकाने वाढतो, एवढंच. माझ्या माशावर तीनशे बारा. मग मी तुझी चांदणी उघडली. एक हजार नऊशे सत्तेचाळीस.

मी तिथेच कॉटवर बसलो. पहिल्यांदा मला राग आला, अगदी खराखुरा, की ही बाई माझ्याशी खोटं बोलली आणि वर मला वायूची भीती घातली. मग आठवलं, तुझी शाळा सकाळची आणि माझी दुपारची. मी शाळेत गेल्यावर तू अभ्यास करतेस असं आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची. रोज दुपारी एकटी बसून तू त्या खिंडीत पडत होतीस, एकोणीसशे सत्तेचाळीस वेळा, आणि संध्याकाळी मी आलो की पहिल्याच फटक्यात जमल्यासारखी मला पार करून देत होतीस. मला फार वाईट वाटलं. आणि फार बरंही वाटलं, कारण पडणारा घरात मी एकटाच आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. पाच पेशंट बाहेर बसले होते, म्हणून डोळे पुसून उठावं लागलं. हाताखालच्या पोरीला वाटलं, अंगठा फारच दुखतोय.

एवढंच लिहायचं होतं. दमलो आहे. अंगठ्याला पट्टा असल्यामुळे हे पत्र पहिल्या-दुसऱ्या बोटात पेन धरून तीन दिवस लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस (तुझ्या डाव्या हाताच्या अक्षरापेक्षा बरंच आहे असं ऐकतो, कुणाकडून ते विचारू नकोस). माळा अजून अर्धाच रिकामा झाला आहे. हिचा नमस्कार. तुझ्या प्रकृतीची काळजी घे, म्हणजे ज्या भागांबद्दल बोलायची परवानगी आहे त्यांची.

तुझा,
दातपाड्या

ता. क. सोबतच्या डब्यात टुणक्या पाठवला आहे, मोज्यासकट. सेल नवे आहेत. माझा अंगठा कामातून गेला आहे आणि माझा मासा दातपाडी खिंडीच्या काठावर अडकला आहे. पूर्वीसारखी तेवढी एक उडी मारून परत पाठव. धाकट्या भावाचं एवढं काम कर.

ता. क. २. खोटं कशाला बोलू, आपल्या घरात ते पुरेसं झालं आहे. परवा दुपारी माझा मासा खिंड पार करून गेला. डाव्या अंगठ्याने, हात उलटा करून, अडीचवर. तीनशे एकोणतिसाव्या वेळी. तेव्हा मला उडी नको आहे. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली येतं. मी हाताबद्दल बोलणार नाही म्हटलं होतं, हे बटणाबद्दल आहे. तुझ्या चांदणीला मी हात लावलेला नाही.

ता. क. ३. फ्रिजवरचं पाकीट एक तारखेला देऊ नकोस. टुणक्या खिंडीपलीकडे पोचला की मग हवं तर दे, मी एक अक्षर बोलणार नाही. शिंपीकाकांनी काल अंगठ्याने सुईत दोरा ओवला. आधी सांगणार नव्हतो, पण माझ्याने राहवत नाही.

ता. क. ४. कोपऱ्यावर मी नवी पट्टी लावून दिली आहे. पाहिजे तितक्या वेळा पड, ताई. कुणी मोजणार नाही.